गच्चीवरून गुरूचा फोटो : पहिलाच हिवाळा, मदत हवी आहे

प्रीतिसंगम

नमस्कार मंडळी. मी कराडची, शाळेत गणित शिकवते. दिवाळीत आठ इंची डॉबसोनियन (फिरत्या तळावर ठेवलेली, आरशाची) दुर्बीण घेतली. वापरलेली आहे, पण आरसा स्वच्छ आहे. व्यास २०३ मिलिमीटर, फोकल लांबी १२०० मिलिमीटर. दोन महिने नुसतं आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) डोळा लावून भरपूर पाहिलं. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला अगदी कडेवर आली होती, त्यामुळे ती अजून जेमतेम रेघेएवढी दिसते. पण गुरू बघून मन भरत नाही. १० जानेवारी २०२६ ला त्याची प्रतियुती झाली, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोर आला. सध्या तो मिथुनेत, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ आहे आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो.

आता फोटो काढायचे आहेत. आयपीसला फोन लावला तर पांढरा गोळा येतो, पट्ट्यांचा पत्ता नाही. मग ग्रहांसाठीचा छोटा कॅमेरा घेतला. त्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा आहे. दुकानदाराने सोबत तिप्पट बार्लो (चित्र मोठं करणारं भिंग) दिली, "ग्रह मोठा दिसेल" म्हणून. तीन रात्री गेल्या. पहिल्या रात्री गुरू कॅमेऱ्यात सापडलाच नाही. दुसऱ्या रात्री सापडला आणि वीस-बावीस सेकंदांत पडद्याबाहेर गेला. तिसऱ्या रात्री व्हिडिओ मिळाला, पण कढईत तेल उकळावं तसा गुरू हलतोय. दोन पट्टे आहेत एवढंच कळतं. आयपीसमधून याहून कितीतरी चांगला दिसतो.

माझं नेमकं कुठे चुकतंय? कॅमेरा, बार्लो, फोकस की आणखी काही?

रात्रपाळी

ताई, अभिनंदन. आधी फोनचं सांगतो, कारण माझी सगळी सुरुवात फोनवरच झाली. डोंबिवलीत पाचव्या मजल्यावर राहतो, १३० मिलिमीटरची छोटी दुर्बीण आहे, बाल्कनीतून जेवढं दिसतं तेवढं माझं आकाश.

गोळा पांढरा येतो कारण फोन आजूबाजूचा काळोख बघून उजेड वाढवतो. पडद्यावर गुरूवर बोट दाबून ठेवायचं, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. मग बोट खाली ओढत उजेड कमी करत जायचं. मध्येच एका क्षणी पट्टे उमटतात, तिथे थांबायचं. गुरूचे चंद्र तेव्हा दिसेनासे होतात, ते होऊ द्यायचे. चकती आणि चंद्र यांच्या तेजात एवढा फरक आहे की एका उजेडात दोन्ही नीट येत नाहीत. आणि फोटो न काढता मिनिटभराचा व्हिडिओ घ्यायचा. का, ते जाणकार सांगतीलच.

शहराच्या उजेडाचं टेन्शन घेऊ नका. ग्रह तेजस्वी असतात. डोंबिवलीतून मला आकाशगंगा कधी दिसली नाही, पण गुरूचे पट्टे फोनवर आलेत.

व्याध

प्रीतिसंगम, तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत. सोपे दोन आधी संपवतो.

बार्लो : ढोबळ नियम असा की पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला पाचाने गुणा, तेवढा एफ-आकडा (फोकल लांबी भागिले व्यास) असावा. तुमचं २.९ गुणिले ५ म्हणजे १४.५. दुर्बीण एफ/६ आहे. दुप्पट बार्लोने एफ/१२ होतो, बार्लो आणि कॅमेरा यांच्यात छोटी नळी घातली तर १३-१४ पर्यंत जातो. तिपटीने एफ/१८. गुरू मोठा दिसतो, पण तोच प्रकाश जास्त पिक्सेलांवर पसरतो, चित्र अंधारतं, एक्स्पोजर वाढवावं लागतं आणि वाढलेल्या एक्स्पोजरमध्ये हवेची थरथर पुसट होऊन बसते. आरसा २०३ मिलिमीटरचा, तो साधारण ०.५७ विकलेपर्यंतचाच (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तपशील वेगळा करू शकतो. त्यापुढे मोठं केलं तरी नवीन काही दिसत नाही. तिप्पट बार्लो बाजूला ठेवा.

गुरू न सापडणं : फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसा लांबच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर जुळवून घ्या (सूर्याच्या आसपासही दुर्बीण न्यायची नाही, घरात मुलं असतील तर त्यांनाही हे पक्कं सांगा). रात्री आधी आयपीसने गुरू मधोमध आणा. मग बार्लोशिवाय नुसता कॅमेरा लावा. गेन आणि एक्स्पोजर बिनधास्त वाढवा. फोकस लांब असला तर गुरू मेदूवड्यासारखा मोठा, मध्ये भोक असलेला दिसतो. तो दिसला की जिंकलात. फोकस करा, मधोमध आणा आणि मगच बार्लो घाला.

तिसरा प्रश्न उकळत्या तेलाचा. त्याचं उत्तर देण्याआधी सांगा : दुर्बीण कुठे ठेवता, किती वाजता बाहेर काढता, आणि गच्चीवर खाली काय आहे?

प्रीतिसंगम

व्याधकाका, खूप आभार. दुर्बीण खालच्या खोलीत असते. जेवणं उरकून साडेनऊला गच्चीवर नेते आणि लगेच सुरू करते. गच्चीला चायना मोझाईक आहे. दक्षिणेला शेजाऱ्यांची पत्र्याची शेड. गुरू डोक्यावर येईपर्यंत थांबते, कारण वर असेल तितका चांगला असं वाचलं होतं.

व्याध

आता सगळं लागलं. हे सविस्तर लिहितो, कारण पहिल्या वर्षी नव्वद टक्के लोक इथेच अडतात आणि कॅमेऱ्याला दोष देत बसतात. मी स्वतः दोन हिवाळे असेच घालवले.

तुमच्या आणि गुरूच्या मध्ये हवेचे तीन थर आहेत असं समजा. सगळ्यात वरचा दहा-बारा किलोमीटरवरचा वारा, तो आपल्या हातात नाही. दुसरा थर गच्चीच्या आसपासचा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री बारापर्यंत ती ऊब सोडत राहतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पुढची गाडी थरथरताना दिसते, तसंच इथे होतं, अंधारात ते डोळ्यांना जाणवत नाही एवढंच. पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतोही, पण स्लॅब आणि भिंती आपला वेळ घेतात. शेजारी एसीचं बाहेरचं यंत्र असेल तर त्यावरून कधी बघू नका. तिसरा थर नळीच्या आतला. खोलीत आरसा पंचवीस अंशांवर, बाहेर पंधरा. आरसा जाड काचेचा, निवायला तास-दीड तास घेतो. तोवर त्याच्या पृष्ठभागावरून गरम हवेचे पदर वर चढतात आणि त्यातूनच तुम्ही गुरू बघता.

याची खात्री स्वतः करून घ्या. पुनर्वसूतला पोलक्स तारा घ्या, तो गुरूजवळच आहे. आयपीसमध्ये धरून फोकस थोडा बिघडवा. ताऱ्याची मोठी चकती होईल. चकतीत धुरासारखे पदर हळूहळू एका बाजूला सरकताना दिसले तर ती नळीतली गरम हवा. पाणी झुळझुळ वाहावं तसं सगळंच एका दिशेला पळत असेल तर तो वरचा वारा, त्या रात्री बार्लो वापरूच नका. आणि मधली काळी सावली चकतीच्या मध्यावर नसेल तर आरसे जुळलेले नाहीत, कॉलिमेशन करा. दुर्बीण जिन्यावरून वर-खाली नेता, तेव्हा ते दर वेळी तपासायचंच. फोटोत कॉलिमेशन चुकलं तर महागातला कॅमेराही काही करू शकत नाही.

उपाय साधे आहेत. संध्याकाळी सहालाच दुर्बीण बाहेर. जमलं तर गच्ची सोडा. माती, गवत, उघडं शेत यांसारखी जागा नाही. माती लवकर निवते.

आणि डोक्यावरच्या गुरूचा हट्ट सोडा. कराडहून मध्यावर तो ८५ अंशांवर जातो. डॉबसोनियनचा तळ आडवा फिरतो, त्यामुळे नळी सरळ वर असताना ग्रहामागे जाणं जवळपास अशक्य होतं. हलकासा धक्का द्यायला जावं तर गुरू भलतीकडे. पन्नास ते सत्तर अंशांवर असतानाच काम उरका. जानेवारीच्या शेवटी नऊच्या सुमारास तो तेवढा वर असतो.

हिमवर्षा

व्याधकाकांचा वरच्या वाऱ्याचा मुद्दा न्यू जर्सीतून अनुभवतेय. हिवाळ्यात जेट प्रवाह बऱ्याचदा थेट आमच्या डोक्यावरून जातो. बर्फ पडून गेल्यावर आकाश काचेसारखं लख्ख होतं, तारे नुसते चमचमतात, आणि तीच रात्र ग्रहांसाठी सगळ्यात वाईट निघते. उलट किंचित धुरकट, वारा पडलेल्या रात्री गुरू दगडासारखा स्थिर असतो. हे पटायला मला बराच वेळ लागला.

तुम्ही दक्षिणेकडे आहात, हिवाळ्यातला तो प्रवाह साधारण उत्तर भारतावरून जातो. महाराष्ट्रातून ग्रह वरही येतात आणि हवाही बऱ्याचदा शांत. या हिवाळ्यातही गुरू मला इथून साधारण ७२ अंशांच्या वर मिळत नाही. खरंच सोडू नका ही संधी.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडे हवा स्थिर असते, पण दव जीव काढतं. माझी १२७ मिलिमीटरची माक्सुतोव आहे, पुढे काच असलेली, एफ/१२. (२.९ मायक्रॉनला बार्लोची गरजच पडत नाही.) रात्री दहानंतर काच पाणावते. जुनी योगाची चटई कापून तिची नळी केली आणि पुढे एक वीतभर बाहेर काढून बसवली, तेव्हापासून दोन-अडीच तास मिळतात. डॉबचा मुख्य आरसा तळाशी असल्याने सहसा वाचतो. फाइंडर आणि वरचा तिरपा आरसा मात्र बघत राहा.

तिखटपोहे

फारच माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न : व्हिडिओच का? आणि डॉबला मोटर नसताना ताईंचा गुरू वीस सेकंदांत पळतो, त्यावर उपाय काय?

व्याध

बाळबोध अजिबात नाही, सगळं यावरच उभं आहे. हवा सतत थरथरते, पण मधूनच सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती शांत होते. दर सेकंदाला ऐंशी-शंभर फ्रेम घेतल्या तर त्यांतल्या काही त्या शांत क्षणांत सापडतात. डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ मध्ये अशी 'नशीबवान' फ्रेम मिळण्याची शक्यता किती, हे गणिताने मांडलं होतं. आपण हजारो फ्रेमांतून चांगल्या तेवढ्या निवडतो आणि एकावर एक रचतो. रचल्याने कॅमेऱ्याची खरखर कमी होते आणि मग धार काढता येते.

पळणाऱ्या गुरूचं गणित ताईंनाच आवडेल. दुप्पट बार्लोसह फोकल लांबी २४००. एका पिक्सेलमध्ये सुमारे पाव विकला आकाश. सेन्सर १९३६ पिक्सेल रुंद, म्हणजे साधारण ४८० विकला. गुरू सध्या विषुववृत्ताच्या २२ अंश उत्तरेला आहे, तिथे आकाश सेकंदाला सुमारे १४ विकला सरकतं. तेव्हा गुरू एका कडेकडून दुसऱ्या कडेला जायला ३४ सेकंद. त्याला पूर्वेच्या कडेला ठेवा, हात काढा, दोन सेकंद हेलकावा शांत होऊ द्या, मग पंचवीस सेकंद रेकॉर्ड करा. असे चार-पाच तुकडे लागोपाठ घ्या. पिप नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो प्रत्येक फ्रेममधला गुरू मध्यावर आणतो, जास्तीचं काळं आकाश छाटतो आणि तुकडे जोडून देतो.

पण वेळेला मर्यादा आहे. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. चकती ४६ विकलांची, तेव्हा मध्यावरचा ठिपका मिनिटाला पाव विकला सरकतो. दोन-अडीच मिनिटांच्या आत सगळे तुकडे उरका, नाहीतर तपशील फरफटतो.

प्रीतिसंगम

गणित करून पाहिलं. तिप्पट बार्लोने २३ सेकंद येतात, माझे वीस-बावीस तिथूनच आले होते. मन हलकं झालं.

शनिवारी माहेरी जातेय. मसूरजवळ आमचं रान आहे. ऊस नुकताच तुटून गेलाय, एका बाजूला मोकळी जमीन. दुर्बीण गाडीत मागच्या सीटवर बसेल. दुप्पट बार्लो एका विद्यार्थ्याच्या काकांनी उसनी दिलीय.

रात्रपाळी

ताई, लॅपटॉपमध्ये जागा मोकळी करून न्या. पूर्ण फ्रेम आठ बिटमध्ये घेतली तर एक फ्रेम दोन एमबीची. सेकंदाला ऐंशी, तीस सेकंद म्हटलं तरी पाच जीबी. आणि कॅमेऱ्यासोबत आलेला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर लावलाय ना? २.९ मायक्रॉनचे बरेच सेन्सर इन्फ्रारेडला फार संवेदनशील असतात, फिल्टर नसला की रंग धुतल्यासारखे येतात.

प्रीतिसंगम

रानातून आले. सविस्तर लिहिते.

सहाला दुर्बीण बांधावर ठेवली. वडील खुर्ची घेऊन शेजारी बसले. आठला पोलक्सवर चकती करून बघितली. पदर दिसतच होते, पण संथ. नऊपर्यंत जवळजवळ थांबले. काळी सावली एका बाजूला होती, गाडीतल्या धक्क्यांनी आरसा हललाच होता. मुख्य आरशामागचे स्क्रू वडिलांनी फिरवले आणि मी आयपीसला डोळा लावून "अजून, अजून, बस" म्हणत होते. तीन वेळा तारा हरवला, चौथ्यांदा सावली मध्यावर आली.

फोकसने मात्र रडवलं. चाकाला हात लावला की सगळं चित्र नाचतं, नाचताना फोकस कळत नाही, हात काढला तर तो पुढे गेलेला. शेवटी आईने दोरीवरचा कपड्यांचा लाकडी चिमटा आणून दिला. तो फोकसच्या चाकाला लावला आणि चिमट्याच्या टोकाला नखाने हलकेच ढकललं. लांब दांड्यामुळे चाक केसभर फिरतं आणि दुर्बीण हलत नाही. गुरूचा चंद्र गॅनिमीड, त्याच्यावर फोकस केला. आधी तो वाटाण्याएवढा फुगलेला होता, चिमटा सरकत गेला तसा आक्रसत गेला, टाचणीच्या टोकाएवढा झाला आणि पुढे पुन्हा फुगायला लागला. तिथून एक नखभर मागे.

आणि लॅपटॉपवर पट्टे दिसले. उत्तरेकडच्या पट्ट्याच्या खालच्या कडेला निळसर धागे लोंबत होते, मधल्या फिकट भागात उतरलेले. हलत होते, पण मधूनच क्षणभर सगळं थांबायचं आणि तेवढ्यात ते लख्ख दिसायचे. वडील म्हणाले, "थांब, आत्ता दिसलं, आता गेलं, आता परत आलं." काकांचं 'नशीबवान फ्रेम' मला तेव्हा समजलं.

एक्स्पोजर १० मिलिसेकंद ठेवलं, पाच तुकडे घेतले. फोटो टाकतेय. धार काढताना कडेला दुहेरी रेघ आलीय, ती का?

व्याध

सुंदर. ते निळसर धागे पहिल्या हिवाळ्यात फार थोड्या लोकांना मिळतात. चिमट्याची युक्ती जुनी आणि अगदी अचूक आहे.

दुहेरी रेघ वेव्हलेट (धार वाढवायच्या सरकपट्ट्या) जास्त ओढल्याची. ऑटोस्टॅकर्टमध्ये (फ्रेम निवडून रचणारा प्रोग्रॅम) किती टक्के फ्रेम घेतल्यात? आलेख बघून पंधरा-वीस टक्क्यांवर या. मग रेजिस्टॅक्स या धार काढायच्या प्रोग्रॅममध्ये पहिली सरकपट्टी सावकाश, दुसरी जपून, बाकीच्यांना हातच लावू नका. धार वाढवताना पट्ट्यांपेक्षा ग्रहाच्या कडेकडे बघत राहा. कड खोटी दिसायला लागली की एक पाऊल मागे या.

तिखटपोहे

आजकाल एआयने फोटो धारदार करून मिळतो. त्यात टाकलं तर कडही नीट येईल ना?

व्याध

येईल, पण तो तुमचा गुरू राहणार नाही. असा प्रोग्रॅम इतर हजारो फोटोंवरून 'इथे असं असावं' हे भरतो. घरच्या दुर्बिणीच्या फोटोंना खरं महत्त्व आहे, म्हणून मी याबाबत आग्रही आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये फिलिपीन्सच्या सेबूमधल्या क्रिस्टोफर गो या हौशी निरीक्षकाच्या फोटोंत दिसलं की गुरूवरचं एक पांढरं वादळ, ओव्हल बीए, तांबूस होतंय. १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्ली यांना साडेचौदा इंची दुर्बिणीतून दक्षिण ध्रुवाजवळ एक नवीन काळा डाग दिसला. काहीतरी गुरूवर आदळलं होतं, पुढे मोठ्या दुर्बिणींनी खात्री केली. त्या डागाला प्रोग्रॅमने चूक समजून पुसलं असतं तर? म्हणून मूळ व्हिडिओ जपा, फोटोवर वेळ मिनिटापर्यंत लिहा आणि जे नाही ते त्यात घालू नका.

प्रीतिसंगम, तुमचा फोटो नीट असला तरी तांबडा डाग (गुरूवरचं मोठं वादळ) त्या वेळी पलीकडच्या बाजूला होता. तो दर ९ तास ५६ मिनिटांनी मधोमध येतो. पाच फेऱ्या म्हणजे दोन दिवस आणि वर साधारण एक तास चाळीस मिनिटं. एकदा वेळ टिपली की पुढची स्वतः काढता येते.

मांडवीकाठ

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची. मुंबईकडच्यांना खगोल मंडळ. कॉलिमेशन एकदा कुणाच्या शेजारी उभं राहून शिकलं की पाच मिनिटांत जमतं, व्हिडिओ बघून मला महिना लागला होता.

प्रीतिसंगम

उशिरा लिहितेय, माफ करा. परीक्षांचे पेपर होते.

परवा गच्चीवरच लावली, पण स्लॅबवर ओलं गोणपाट पसरून आणि संध्याकाळी सहापासून बाहेर ठेवून. रानाएवढं स्थिर नव्हतं, आधीपेक्षा मात्र खूपच बरं. सात चाळीसला तांबडा डाग मधोमध होता. फिकट विटकरी, दक्षिणेच्या पट्ट्यात खळगा करून बसलेला. वेळ वहीत लिहिली आणि खाली एक तास चाळीस मिळवून 'परवा, नऊ वीस' असं लिहून ठेवलं.

आज नववीतल्या चार मुली आल्या होत्या. त्यांना वही दाखवली. नऊ वाजून पाच मिनिटांनी डाग मध्याच्या थोडा अलीकडे होता. एकीने पडद्यावर पट्टी धरून दोन्ही कडांपासूनचं अंतर मोजायला सुरुवात केली. नऊ एकोणीसला ती म्हणाली, "बाई, सारखं झालं."